आईबरोबर मीरा नायर पाहायची असेल तर

मीरा नायर या दिग्दर्शिकेच्या चार सिनेमांसाठी चार शनिवार मोकळे ठेवा आणि ‘मान्सून वेडिंग’ने सुरुवात करू नका. आधी तोच पाहिला की या बाई लग्नाघरचे सिनेमे काढतात, असं वाटत राहतं. आई न्यू जर्सीला माझ्याकडे आली होती तेव्हा मी आधी तीच चूक केली, मग क्रम बदलला.

पहिला ‘सलाम बॉम्बे’, १९८८ चा. राउरकेलात जन्मलेली, हार्वर्डला शिकलेली ही मुलगी माहितीपट करता करता मुंबईत आली, रस्त्यावरच्या मुलांची कार्यशाळा घेतली आणि त्यांनाच पडद्यावर आणलं. नाना पाटेकर दिसल्यावर आई सरसावून बसली. पण लक्ष ठेवायचं ते पत्राच्या प्रसंगावर. सिनेमातला रस्त्यावरचा मुलगा कृष्णा गावाकडच्या आपल्या आईला पत्र लिहून घेतो आणि त्याला गावाचा पत्ताच नीट सांगता येत नाही. पत्र लिहून देणारा तो किडकिडीत पोरगा म्हणजे इरफान खान. तिथे सिनेमा थांबवा. आईला चेहरा नीट पाहू द्या.

दुसऱ्या शनिवारी ‘मिसिसिपी मसाला’. लावण्याआधी पाच मिनिटं बोला: १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. हे माहीत नसेल तर रोशन सेठने रंगवलेला बाप नुसता हट्टी वाटतो. तरुण जोडीची गोष्ट आपोआप कळते. तुम्ही या बापाकडे पाहा. अमेरिकेत मोटेलमध्ये राहून तो युगांडात, कंपालातल्या आपल्या घरासाठी वर्षानुवर्षं भांडतोय. आई मध्येच म्हणाली, “आपल्या वाड्याचं असंच झालं गं.” मी आवाज बंद केला. पुढचा अर्धा तास तीच बोलत होती, आणि बोलू द्यावं.

मग ‘मान्सून वेडिंग’. व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळालेला, पण इथे काही समजावून सांगावं लागत नाही.

‘द नेमसेक’ शेवटी. ‘सलाम बॉम्बे’नंतर अठरा वर्षांनी तोच इरफान, आता परदेशात संसार मांडणारा बाप. नव्या घरात पहिल्या सकाळी तब्बू अमेरिकन कुरमुऱ्यांच्या न्याहारीत शेंगदाणे आणि तिखट घालून खाते. आई ताडकन उठली, “अगं, हा तर चिवडाच!” त्या न्याहारीचा खोका, कढीपत्ता आणि डाळं आधीच घरात आणून ठेवा. आम्ही रात्री अकराला फोडणी घातली.