बेटाच्या किनारी रस्त्यावर सायकल नेण्याआधी

नकाशावर किनाऱ्याचा रस्ता सपाट दिसतो, पण डोंगराळ बेटावर तो क्वचितच तसा असतो. ओढ्याच्या मुखाशी तो समुद्रापर्यंत उतरतो आणि पुढच्या भूशिरावर पुन्हा चढतो. म्हणून किलोमीटर मोजण्याआधी दिवसाची एकूण चढाई काढा आणि गिअर त्यावरून ठरवा. सामान लादलेल्या सायकलला पुढच्या दातेरी चक्रीला 30 आणि मागच्या चक्रीला 34 दात अशी जोडी असली, तर आखूड पण उभे चढ बसून चढता येतात. टायर 35 ते 40 मिलिमीटरचे घ्या. रस्त्यावर आलेल्या वाळूत बारीक टायर घसरतो.

बेटाला पूर्ण फेरी मारणार असाल तर दिशा आधी ठरवा. वाहतूक डावीकडून असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जा, म्हणजे समुद्र तुमच्याच बाजूला राहतो. उजवीकडून असेल तर उलट.

खरी तयारी खाऱ्या हवेसाठी करायची. निघण्यापूर्वी सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढून फ्रेमच्या नळीत ग्रीस लावा. पोलादी फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची सीटपोस्ट कोरडी राहिली, तर मिठाच्या ओलाव्याने दोन्ही धातू एकमेकांना धरतात आणि मग ती हलत नाही. पॅनियरच्या (चाकाच्या बाजूला लटकणाऱ्या पिशव्यांच्या) कॅरिअरचे स्क्रूही ग्रीस लावूनच आवळा. चेनला ओल्या हवामानाचे वंगण हवे. कोरडे वंगण पहिल्याच सरीत धुऊन जाते. रोज मुक्कामी गोडे पाणी हलके ओतून मीठ काढा, चेन पुसा आणि पुन्हा तेल द्या. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, ग्रीस निघून जाते. सनस्क्रीनचे हात ब्रेकच्या डिस्कला लागू देऊ नका. पॅड तेलकट झाले की उतारावर पकड जाते.

दुरुस्तीच्या पिशवीत दोन ट्यूब, पंक्चरचे ठिगळ, सोल्यूशनची न उघडलेली नळी (उघडलेली उष्णतेत सुकते), पंप, 4, 5 आणि 6 मिलिमीटरचे अ‍ॅलन पाने, चेनतोड (चेनची पिन काढण्याचे अवजार), तुमच्या चेनला बसणारी जोडकडी (तुटलेली चेन जोडणारी कडी), ब्रेकपॅडचा एक जोड आणि मागच्या चाकाच्या मापाचे तीन स्पोक ठेवा. मागच्या चाकावर भार जास्त, त्यामुळे स्पोक बहुधा तिथलेच तुटतात. डिरेल्युअरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, मात्र तुमच्याच फ्रेमचा हवा, कारण दुसऱ्याचा सहसा बसत नाही.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा आणि किमान अडीच लिटर सोबत ठेवा. नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटू शकते. म्हणून खारे खाणे किंवा क्षारसंजीवनीची पाकिटे घ्या. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवा, दाट करू नका. सूर्योदयालाच निघा. दुपारी समुद्रावरून वारा वाढतो आणि उन्हाचा तडाखाही तेव्हाच असतो. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो, म्हणून मागचा लाल दिवा दिवसाही लावा आणि रोज रात्री चार्ज करा.