आजीच्या ओव्या परदेशात स्टेजवर आणायच्यात? मग आधी हे वाचा

गणपती जवळ आले की मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, यंदा काहीतरी पारंपरिक करूया गं, आणि मग चर्चा फिरून फिरून लावणी, कोळीगीत आणि मंगळागौरीच्या फुगड्या इथेच येऊन थांबते. वाईट काहीच नाही त्यात, मी पण नाचते. पण आमच्यातल्या कितीतरी जणींच्या आई-आजी जात्यावर ओव्या म्हणायच्या, त्याचं मात्र कुणी नाव काढत नाही, कारण ते स्टेजवर करायचं कसं हेच कळत नाही. आम्ही इकडे टोरांटोच्या बाजूला करतो, त्यातून जे जमत गेलं ते लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, ओवी लोकांना ऐकवण्यासाठी नव्हतीच. पहाटे अंधारात दळायला बसलेली बाई स्वतःशी बोलायची, नाहीतर समोरून खुंट्याला हात लावलेल्या जावेशी, आणि एरवी तोंडातून काढायची सोय नव्हती ते तिथे बाहेर यायचं. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, सगळं. तिला ट्रॅक, कोरस आणि एकसारख्या नऊवाऱ्या चढवल्या की तिचं भावगीत होतं, आणि तसं होऊ द्यायचं नाही एवढंच सगळं काम आहे.

सुरुवात फोनपासून करा. आई, मावशी, चुलती, गावाकडची शेजारीण, कुणीही साठीच्या पुढची. पण नुसतं "काकू, एक ओवी म्हणा ना" म्हटलंत तर उत्तर ठरलेलं, "आता कुठं आठवतंय बाई, गेलं सगळं." हाताला काम द्या. तांदूळ निवडायला बसवा, जातं असेल तर मूठभर डाळ भरडायला सांगा, आणि एकटीला नको, दोघी बसवा, कारण एकीला पहिली ओळ आठवते आणि दुसरीला दुसरी, मग एकीतून एक निघत जातात आणि तुम्हालाच थांबवावं लागतं. व्हॉट्सॲप कॉलवर रेकॉर्ड करू नका, ते ॲप जात्याची घरघर म्हणजे नॉइज समजतं आणि कापून टाकतं, कधीकधी गाणंही कापतं. घरातल्या एखाद्या भाच्याला सांगा की मोबाईलच्याच रेकॉर्डरवर घे, पंखा बंद कर, फोन घडी केलेल्या टॉवेलवर ठेव आणि फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठव. म्हणणारीचं नाव, गाव, माहेर आणि ओवी कुणाकडून शिकली तेही तिच्याच आवाजात घ्या. आणि विचारा, हे चारचौघांत म्हटलं तर चालेल का? नणंदेचं नाव घालून केलेली ओवी ऐकायला भारी असते पण ती नणंद अजून तिथेच राहते हो.

घरात कुणी उरलं नसेल तर पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून केलेलं ओव्या गोळा करण्याचं काम आहे, पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या काही ओव्या टेपवर घेतल्या. लाखाच्या वर ओव्या, हजाराच्या वर गावं, आणि त्यातल्या बऱ्याच आता 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या ऑनलाइन संग्रहाच्या वेबसाईटवर वाचता येतात, रेकॉर्ड केलेल्या काही बसल्याजागी ऐकताही येतात. तिथे फक्त पंढरी आणि माहेर शोधू नका. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या ऐका, १९९६ सालचं रेकॉर्डिंग आहे. मंडळांचे "पारंपरिक" कार्यक्रम बघितले तर वाटतं महाराष्ट्रात चार-पाच आडनावंच राहतात, ते इथे तरी मोडा. मात्र तिथलं काही स्टेजवर घेणार असाल तर रीतसर परवानगी मागा आणि म्हणणारीचं नाव-गाव स्टेजवर सांगा, "पारंपरिक" एवढं लिहून मोकळं होऊ नका.

बोली सुधारू नका. आजी "गेलंया" म्हणाली असेल तर तुम्हीही "गेलंया"च म्हणा. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, लेकाने त्यांच्या ओळी उतरवून ठेवल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं, त्या ओळी लेवा बोलीतून काढून पुस्तकी मराठीत घातल्या असत्या तर आज कुणाला पाठ असत्या?

आता स्टेज. थर्माकोलचं जातं आणणार असाल तर सरळ घरी बसा. खरं छोटं जातं कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये निघतंच, विचारून बघा. खाली गोणपाट घाला म्हणजे सरकणार नाही आणि हॉलची फरशीही वाचेल, बाजूला प्लास्टिक अंथरा कारण सांडलेल्या पिठावरून पाय घसरतो. ज्वारीपेक्षा हरभऱ्याची डाळ भरडणं सवय नसलेल्या हाताला सोपं जातं. वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात घालायचा दाणा, थोडी थोडी घालायची, मूठभर ओतलीत तर जातं अडतं आणि ओवीही अडते. जातं मिळालंच नाही तर तांदूळ निवडा, गोधडीला टाके घाला, पण हात रिकामे नकोत, रिकाम्या हातांनी बाई लगेच "परफॉर्म" करायला लागते. एक माईक दोघींच्या तोंडासमोर, दुसरा खाली दगडाजवळ. कीबोर्ड नको, तबला तर नकोच, ताल जात्याचा असतो आणि तो दमलं की मंदावतो, मंदावू द्या. म्हणता म्हणता पट्टी चढते, चढू द्या. एकीने ओळ सोडायची, दुसरीने उचलायची, मध्ये नुसतीच घरघर राहिली तरी घाबरून भरायला जाऊ नका. वीस-पंचवीस मिनिटं पुरे.

नव्या ओव्या पण करा, कविता करणाऱ्या असतातच ग्रुपमध्ये. आमच्याकडची एक:

बर्फ गं पडतो, दारी पांढरी पांढरी माती
आईला फोन लावी, तिकडं झाली अर्धी राती

मुक्तछंद चालत नाही इथे, ओळ जात्याच्या फेऱ्यात बसली पाहिजे, फिरवता फिरवताच करा म्हणजे आपोआप बसते.

मराठी न कळणारे समोर असतील तर प्रत्येक ओळीचं भाषांतर स्क्रीनवर टाकू नका, लोक स्क्रीनच वाचत बसतात. आधी दोन वाक्यांत सांगा की ही भावाच्या वाटेकडे डोळे लावून बसलीय, बस.

आणि एकट्याने कशाला करता? गयाना-त्रिनिदादच्या भोजपुरी घरांतल्या बायका इथे भरपूर आहेत, भोजपुरीत दळणाच्या गाण्यांना जँतसार म्हणतात, विचारा कुणाच्या नानीला येतं का. सोमाली बायकांचं बुरानबुर आहे, बायकांनीच रचायची कविता, टाळ्या आणि ढोलावर म्हणतात, लग्नात तर हमखास. इकडे कॅनडातच केप ब्रेटन बेटावर स्कॉटलंडहून आलेल्या लोकांची गाणी आहेत, ओलं लोकरी कापड टेबलावर आपटत म्हणायची, एक ओळ सोडते बाकीच्या उचलतात, ऐकलंत तर म्हणाल अरे हे आपलंच. मॉरिशसचं गीत-गवई बघा, करारावर नेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या लेकी-सुनांनी लग्नाआधी घरच्या घरी म्हणायची भोजपुरी गाणी, ढोलकासकट, २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली आणि आता स्टेजवरही होतात.

गीत-गवईत सुरुवातीचा विधी पाच सवाष्णी करतात, तो त्यांचा प्रश्न. आपल्या कार्यक्रमाला मात्र हळदीकुंकू जोडू नका, कारण ज्यांना सगळ्यात जास्त ओव्या येतात त्यातल्या बऱ्याच जणी विधवा असतात आणि त्या मग आपणहून मागच्या रांगेत जाऊन बसतात. त्यांना जात्याशी बसवा.

तिकीट लावलं तर गावाकडच्या मावशींचा वाटा आधीच ठरवा, नंतर "बघू" म्हटलं की झालं. कार्यक्रमाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायच्या आधी त्यांना पाठवा. त्या चुका काढतील, ही ओळ आमच्यात अशी नसते म्हणतील, त्या लिहून घ्या आणि पुढच्या वेळी तशा म्हणा.