जॉयस्टिक लावली आणि विमान आपोआप कलंडतंय?

डीसीएस वर्ल्ड हा संगणकावरचा विमान उडवायचा गेम नव्याने सुरू केला की हमखास होतं हे. स्टिकला हात लावलेला नाही, तरी विमान एका बाजूला झुकतं. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली स्टिक खराब समजून परत न्यायला निघालो होतो. स्टिकमध्ये काहीच दोष नव्हता.

हा गेम जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला पिच (नाक वर-खाली), रोल (बाजूला कलणं), थ्रॉटल (इंजिनाचा जोर) ही कामं स्वतःच वाटून टाकतो. गेमपॅड, रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पायातलं पेडल), सगळ्यांना! मग दोन उपकरणं एकाच कामावर भांडतात.

१. कंट्रोल्समध्ये आपलं विमान निवडा, वर ‘अ‍ॅक्सिस कमांड्स’ घ्या.
२. पिच, रोल, रडर, थ्रॉटल या चार ओळींत फक्त हवं ते उपकरण ठेवा, बाकीचे रकाने रिकामे करा.
३. स्टिक फारच चटपटीत वाटली तर पिच-रोलचा कर्व्ह (स्टिक मधोमध किती सौम्य राहावी ते ठरवणारा आकडा) 15 च्या आसपास ठेवा.

प्रत्येक विमानासाठी हे वेगळं करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण पाच मिनिटांचं काम.

सुरुवातीला पैसे घालवू नका. पंख्याचं टीएफ-51डी मस्टँग आणि जेट सुखोई-25टी गेमसोबत फुकट मिळतात. लोहगावच्या हवाई तळावरून जाणारं सुखोई-30 बघून जेटचा मोह होतो, कबूल; तरी आधी मस्टँग. त्यात शस्त्रं नाहीत, त्यामुळे लक्ष उडवण्यावरच राहतं.

एक जपा: मस्टँग टेकऑफला डावीकडे ओढतं. थ्रॉटल हळूहळू द्या, उजवा रडर तयार ठेवा.