डॉब्सोनियनसाठी ऑप्टिकल एन्कोडर: पावसाळ्यातच उरकायची तयारी

जून ते सप्टेंबर आपल्याकडे दुर्बीण झाकलेलीच असते. दिवाळीच्या सुमारास आकाश मोकळं झाल्यावर डॉब्सोनियनवर डिजिटल सेटिंग सर्कल, म्हणजे दुर्बिणीची दिशा आकड्यांत सांगणारी यंत्रणा, चालू हवी असेल, तर सामानाची जमवाजमव आत्ताच करायला हवी. डॉब्सोनियन म्हणजे साध्या तळावर बसवलेली, हाताने ढकलायची दुर्बीण. उन्नतांशाच्या (वर-खाली) आणि दिगंशाच्या (आडव्या) अक्षावर एकेक एन्कोडर, म्हणजे अक्ष किती फिरला ते मोजणारा सेन्सर, बसवला की ती कुठे रोखलेली आहे ते फोनवरच्या ताऱ्यांच्या नकाशात दिसतं. शहरात वाट दाखवायला तारेच उरले नाहीत, म्हणून मला ही चैन वाटत नाही, गरज वाटते.

बाजारात जायच्या आधी हिशोब करा. आठ इंची, १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीचा प्लॉसल आयपीस लावला की ४८ पट वर्धन मिळतं आणि आकाशाचा एक अंशाहून किंचित मोठा तुकडा दिसतो, म्हणजे साधारण ६० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). आता फेरीला ६०० पल्स (विजेचे ठोके) देणारा एन्कोडर घेतला तर ए आणि बी या त्याच्या दोन चॅनेलच्या, म्हणजे आउटपुटच्या दोन तारांवरच्या सिग्नलच्या, चढत्या-उतरत्या कडा मोजून एका फेरीत २४०० पायऱ्या होतात. पूर्ण वर्तुळाच्या २१,६०० कला, तेव्हा एक पायरी ९ कलांची. कागदावर हे पुरतं. पण दोन अक्षांच्या चुका, तळाचा तिरकेपणा आणि सुरुवातीचा तारा मध्यावर आणताना झालेली चूक एकत्र आल्या की पुरत नाही. मी ३ कलांच्या आतच राहायचं ठरवलं. एन्कोडरवर २० दात्यांची आणि अक्षावर ८० दात्यांची जीटी२ पुली लावून दोन्हींवर दातेरी पट्टा चढवला की पायऱ्या ९६०० होतात आणि पायरी सव्वादोन कलांवर येते. थ्रीडी प्रिंटरचे हे पट्टे-पुल्या सहज मिळतात.

दुकानात नुसतं ‘रोटरी एन्कोडर’ म्हणालात तर हातात आवाज कमी-जास्त करायच्या बटणासारखा, फेरीला २० टिचक्या देणारा मेकॅनिकल तुकडा येईल. ‘ऑप्टिकल, शाफ्टवाला, ६०० पीपीआर, एनपीएन ओपन कलेक्टर, ५ ते २४ व्होल्ट’ असं लिहूनच न्या. पीपीआर म्हणजे फेरीला किती पल्स; एनपीएन ओपन कलेक्टर म्हणजे आतला ट्रान्झिस्टर आउटपुटची तार फक्त ग्राउंडला जोडतो किंवा मोकळी सोडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. रविवारी बहुतेक शटर खाली असतात, तेव्हा शनिवार गाठा. एलपीडी३८०६-६००बीएम हा चिनी एन्कोडर या कामाला पुरतो. ओम्रॉनचा ई६बी२ कितीतरी महाग, पण त्यात २००० पीपीआरपर्यंत मिळतो आणि मग पुल्यांची गरजच उरत नाही. मात्र त्याच्या नावाची शेपटी नीट वाचा. सीडब्ल्यूझेड६सी ५ व्होल्टवर चालतो. सीडब्ल्यूझेड५बी हा पीएनपी, त्याला किमान १२ व्होल्ट लागतात. डब्यावर नुसतं ‘२४००’ लिहिलेलं असेल तर ते पल्स आहेत की चौपट केलेल्या पायऱ्या, हे विचारून घ्या.

एएस५६०० या चुंबकी चिपची शिफारस तुम्हाला नक्की होईल. ती स्वस्त आहे आणि फेरीला ४०९६ पायऱ्या देते, पण तिच्या डेटाशीटमध्येच एक अंशापर्यंतची अरेषीयता, म्हणजे कोन मोजण्यातली चूक, मान्य केलेली आहे. एक अंश म्हणजे आपलं अख्खं दृश्यक्षेत्र. जुन्या इंकजेट प्रिंटरमधली एन्कोडरची रेघांची चकती काढून वापरता येते, शिकायला ती उत्तमही आहे, पण आकाशासाठी मी त्या वाटेला जाणार नाही. फिल्मवर चकती छापायचीच असेल तर लेझर प्रिंटरवर छापा. डाय असलेली इंकजेटची काळी शाई डोळ्याला काळी दिसते, एन्कोडरमधला इन्फ्रारेड प्रकाश मात्र तिच्यातून आरपार जातो.

एन्कोडर दुकानातच तपासायला खिशात पॉवर बँक, दोन एलईडी, दोन १ किलोओहमचे रेझिस्टर आणि मगर-क्लिपा ठेवा. एलईडी आणि रेझिस्टर एकापाठोपाठ जोडून ५ व्होल्ट आणि आउटपुटची तार यांच्यामध्ये लावायचे, दोन्ही चॅनेलना वेगवेगळे. शाफ्ट बोटाने अगदी सावकाश फिरवला की दोन्ही दिवे मागेपुढे लुकलुकले पाहिजेत. शाफ्ट आडवा हलवून खडखडतो का तेही बघा. आउटपुटची तार रेझिस्टरशिवाय थेट ५ व्होल्टला लावू नका, आतला ट्रान्झिस्टर क्षणात जातो. माझा एक एन्कोडर असाच गेला, आणि त्यानंतर सोबत आलेला रंगांचा तक्ता वाचल्याशिवाय मी एकही तार जोडत नाही.

पल्स मोजायला ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या. त्यात पल्स मोजणारं हार्डवेअरच आहे, म्हणून दुर्बीण झटक्यात फिरवली तरी पायऱ्या सुटत नाहीत. ओपन कलेक्टरचा फायदा असा, की एन्कोडर ५ व्होल्टवर चालवून पुल-अप, म्हणजे मोकळी आउटपुटची तार वर ओढून धरणारा रेझिस्टर, बोर्डाच्या ३.३ व्होल्टला देता येतो. त्यासाठी ४.७ किलोओहमचे चार रेझिस्टर लागतील. ईएसपी३२च्या ३४ ते ३९ या पिनांना आतून पुल-अप नसतोच. आणि रात्रभरासाठी घ्यायची पॉवर बँक कमी भारावर आपोआप बंद पडत नाही ना, हे आधीच तपासा.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. एन्कोडर कितीही चांगला आणा, पुली अक्षाच्या मध्यावर नसेल तर सगळं फुकट. ८० दात्यांच्या पुलीची त्रिज्या साधारण २५ मिमी. ती अर्धा मिमी सरकली तर चूक एक अंशाच्या पुढे जाते, दहावा हिस्सा मिमी सरकली तरी १३ कला. पुलीचं भोक ८ मिमीचं आहे म्हणून त्यात एम८ बोल्ट घालायचा मोह होतो, पण बोल्टचे आटे ८ मिमीपेक्षा जरा बारीकच असतात आणि ग्रब स्क्रू (पुली पकडणारा बिनडोक्याचा स्क्रू) आवळला की पुली एका बाजूला ढकलली जाते. त्याऐवजी थ्रीडी प्रिंटरचा ८ मिमीचा गुळगुळीत रॉड घ्या. बेअरिंगच्या केंद्रात तो बसवायचं काम मात्र लेथवाल्याकडे द्या. आधी फोन करून विचारा, एवढ्या लहान कामाला सगळेच तयार होत नाहीत. छोटी पुली मागताना भोक ६ मिमीचं असं ठासून सांगा, कारण बाजारात ६.३५ मिमीच्या पुल्याही तितक्याच सहज मिळतात आणि इथेही पुली तशीच सरकते. पट्टा न लावता शाफ्ट थेट अक्षाला जोडणार असाल तर एन्कोडरचं शरीर स्क्रूने घट्ट करू नका. पातळ पोलादी पट्टीने ते फक्त फिरण्यापासून अडवा, म्हणजे अक्षाच्या थरथरीचा भार शाफ्टवर येणार नाही.

घरी आणल्यावर शाफ्टवर आणि बॉडीवर मार्करने एक रेघ ओढा, शून्यापासून सुरुवात करून दहा फेऱ्या पुढे फिरवा. मोजणी २४,००० च्या आसपास आली पाहिजे. तशाच दहा फेऱ्या मागे, रेघ रेघेवर येईपर्यंत, आणि आकडा पुन्हा शून्याजवळ. दहा-वीस पायऱ्यांचा फरक रेघ जुळवताना पडतोच. फरक तेवढाच असला तर एन्कोडर आणि सिलिका जेलची पुडी हवाबंद डब्यात टाकून ठेवा, आणि लेथवाल्याला पुन्हा एकदा फोन करा.