केमोवाल्या पोराला म्युकरसाठी (काळ्या बुरशीसाठी) ओटीत घेण्याआधी

ल्युकेमियाचं पोर, एएनसी (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या) ५०० च्या खाली, ताप हटत नाही आणि टाळूवर किंवा नाकात काळा डाग दिसला, की ईएनटीला त्याच मिनिटाला फोन, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. पू नाही, सूज थोडीच आहे म्हणून गाफील राहू नका, पू व्हायला न्यूट्रोफिल लागतात आणि तेच नाहीयेत. एनबीएम (उपाशी ठेवणं), आयव्ही, स्कॅन तुम्ही करताच.

ओटीला निघताना निर्जंतुक डबी आणि सलाईन स्वतःच्या हातात घ्या. टिश्यूचा एक तुकडा फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा सलाईनमध्ये मायक्रोबायोलॉजीला. मागच्या वेळी आमच्याकडून हेच राहिलं, सगळं फॉर्मलिनमध्ये गेलं, त्यात बुरशी मरते, मग कल्चर कशाचं लावणार. सिस्टरना सांगून ठेवलंय यावर विसंबू नका, डबी तुमच्या हातात हवी.

प्लेटलेट ५०,००० च्या वर हव्यात. सर्जरी ठरली की लगेच ब्लड बँकेला कळवा आणि फॉर्मवर इरॅडिएटेड (किरण दिलेली पिशवी) असं ठळक लिहा, नाहीतर साधी पिशवी येते आणि अशा पोरात दात्याच्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) पोराच्याच शरीरावर उलटू शकतात. मामा-काका रक्त द्यायला धावतात, पण जवळच्या नातेवाइकाचं रक्त इरॅडिएट केल्याशिवाय अजिबात नको. प्लेटलेटची पिशवी फ्रीजमध्ये ठेवायची नाही.

लायपोसोमल अँफोटेरिसिन (बुरशीचं औषध) रिपोर्टची वाट न बघता सुरू, किलोमागे किमान ५ मिग्रॅ, ५% डेक्स्ट्रोजमध्येच. टिश्यू सलाईनमध्ये, औषध डेक्स्ट्रोजमध्ये, कृपा करून उलटं करू नका. व्होरिकोनॅझोल हे बुरशीचं दुसरं औषध म्युकरवर चालत नाही. पोटॅशियम, मॅग्नेशियम बघा, स्टेरॉइड आणि अस्पॅराजिनेज (केमोचं औषध) चालू असेल तर शुगरही.

कन्सेंट घाईत कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या घेऊ नका. आईबाबांना बसवा, डोळा काढावा लागू शकतो, टाळूचा भाग जाऊ शकतो हे साध्या मराठीत सांगा, त्यांना रडू द्या, विचारू द्या. पोर मोठं असेल तर त्यालाही सांगा, उठल्यावर तोंडावर पट्टी असेल म्हणून.

आत गेल्यावर मेलेलं सगळं काढायचं, कडेला ताजं रक्त दिसेपर्यंत. केओएच (बुरशी मायक्रोस्कोपखाली बघायची तपासणी) लगेच पाठवा. आणि डबी? सलाईनवाली? लॅबला सांगा तुकडा वाटू नका, बारीक कापूनच लावा, वाटला तर म्युकर उगवत नाही.

नंतर रेक्टल थर्मामीटर नको, एनिमा नको. २४ ते ४८ तासांत परत आत बघावं लागतं, ओटीचा स्लॉट आणि पुढच्या प्लेटलेट आजच सांगून ठेवा.