साताऱ्यात जोडीनं तीन दिवस : किल्ला, दोन संग्रहालयं आणि एक विहीर

महाबळेश्वर यादीतून काढून टाका, म्हणजे सातारा दिसायला लागतो. जोडून सुट्ट्या आल्या की माझ्या भाचरांचे फोन येतात आणि प्रत्येकाला मी हेच सांगते. प्रतापगड, महाबळेश्वर, कास, ठोसेघर, सज्जनगड असं सगळं तीन दिवसांत कोंबलं की निम्मा वेळ घाटातच जातो, आणि दोघांपैकी एकाचे डोळे तर रस्त्यावरून हलतच नाहीत. इतिहास बघायला निघाला असाल, तर दिवसाला एक मोठी जागा धरा आणि तिच्या जोडीला एखादी लहान.

दोघांनी एकाच वेगानं बघायचा हट्टही धरू नका. मी शाळेत इतिहास शिकवला, आमच्या ह्यांची नोकरी पाटबंधारे खात्यातली. मला पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचायचं असतं. ह्यांना दगड कसा बसवलाय, पाणी कुठून आलं, ते हवं असतं. म्हणून संग्रहालयात शिरलो की आम्ही वेगळे होतो. तासाभरानं दाराशी भेटायचं आणि मग प्रत्येकानं दुसऱ्याला एकच वस्तू दाखवायला न्यायचं. एकच म्हटलं की निवडावं लागतं, आणि ती का निवडली हे बोलावं लागतं. लग्नाला किती का वर्षं झालेली असेनात, या बोलण्यातून जोडीदाराबद्दल नवं काहीतरी कळतंच.

निघण्याआधी वार बघा. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि मोठ्या सणाला किंवा राष्ट्रीय सुट्टीला उघडी असतील असं धरून चालू नका. आदल्या दिवशी फोन करून विचारा. तुमची सुट्टी शनिवार ते सोमवार असेल तर संग्रहालयं शनिवार-रविवारी उरकून घ्या. विहीर, घाट यांना साप्ताहिक सुट्टी नसते, ते सोमवारी. मुक्काम दोन्ही रात्री साताऱ्यातच ठेवा, पोवई नाका किंवा राजवाड्याच्या आसपास. रोज हॉटेल बदलून बॅगा उचलण्यात काही अर्थ नाही.

पहिल्या दिवशी उजाडताच अजिंक्यतारा. गाडी दरवाज्यापर्यंत जाते, पण पाय धड असतील तर अदालत वाड्याकडून चढा. वर गेल्यावर मंगळाईचं देऊळ आणि तिथला बुरूज चुकवू नका. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः या गडाखाली येऊन बसला होता. किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले आणि एप्रिल १७०० मध्ये उडवले. तटाचा मलबा त्यांच्याच सैन्यावर कोसळून शेकडो माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांनी गड पडला खरा, पण एवढ्या एका गडासाठी बादशहाला काही महिने इथं अडकून पडावं लागलं. हे सगळं त्या बुरुजाजवळ उभं राहून एकमेकांना वाचून दाखवा. खाली उतार बघितला की सुरुंग लावणाऱ्यांची आणि वरून दगड लोटणाऱ्यांची जागा आपोआप कळते. समोर यवतेश्वर, पलीकडे सज्जनगड, दुसऱ्या अंगाला जरंडेश्वर. ही नावं आधी नकाशात बघून ठेवा आणि कोण जास्त ओळखतं ते बघा.

खाली पसरलेलं शहर शाहू महाराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नातवानं, वसवलेलं. मोगलांच्या कैदेतून १७०७ साली सुटल्यावर पुढच्याच वर्षी जानेवारीत त्यांनी इथं राज्याभिषेक करवून घेतला. ज्या राज्याच्या फौजा पुढं अटकेपर्यंत गेल्या, त्याची गादी या डोंगराखाली होती. साताऱ्याला लोक पुणे-कोल्हापूर रस्त्यावरचा चहाचा थांबा समजतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उतरताना चार भिंती. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी बांधलेली ही जागा आता १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. इंग्रजांनी १८३९ साली प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथं झगडत राहिले. १८४८ साली दत्तक नामंजूर करून सातारचं राज्य खालसा झालं. गव्हर्नर जनरल डलहौसीनं असं गिळलेलं हे पहिलं संस्थान. पाच-दहा मिनिटांचीच जागा आहे, पण रंगो बापूजींचं नाव माहीत नसताना तिथं जाऊ नका.

उन्हं चढली की एसटी स्टँडजवळचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये इथं आली तेव्हा लोटलेली गर्दी तुम्ही बातम्यांत बघितली असेल. ती पुढं नागपूरला गेली, त्यामुळे तेवढ्यासाठी येऊ नका. त्या वाघनखांचा साताऱ्याशी असलेला धागा मात्र माहीत असू द्या. १८१८ नंतर इथं रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, म्हणून आलेल्या जेम्स ग्रँट डफकडून ती विलायतेला गेली. अफझलखानाच्या वधात वापरलेली वाघनखं हीच का, याची खात्री देता येत नाही, असं लंडनचं संग्रहालय स्वतःच सांगतं. हे ऐकून काही जण हिरमुसतात. मला उलट वाटतं, संग्रहालयानं इतकं स्पष्ट सांगावं, म्हणजे बाकीच्या पाट्यांवर विश्वास बसतो. शस्त्रांच्या दालनात पात्याकडे बघता तितकंच मुठीकडे बघा. कट्यारीची, पट्ट्याची मूठ बघितली की हात कसा चालत असेल ते समजतं.

दुपारी जेवून विश्रांती घ्या. मग राजवाडा, मोती चौक. प्रतापसिंह हायस्कूलसमोर थांबा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी या शाळेत पाऊल टाकलं. राज्यात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकाला त्यांची नोंद आहे. शाळा चालू असेल तर बाहेरूनच नमस्कार करा, तास मोडू नका. संध्याकाळ संगम माहुलीला घालवा. कृष्णा-वेण्णेचा संगम, काळ्या दगडाचं विश्वेश्वराचं देऊळ, आणि शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे.

दुसरा दिवस पूर्ण औंधचा. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे साधारण ४५ किलोमीटर. मला विचाराल तर या सगळ्या फिरण्याचं सार्थक औंधला होतं, आणि तिथंच लोक सर्वात कमी जातात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं इथं आहेत, आणि कॅलेंडरवर बघितलेला रविवर्मा आणि समोरचा रविवर्मा यांत फार अंतर आहे. कापडाची चुणी, दागिन्यावरचा उजेड जवळून बघा आणि मग चार पावलं मागं या. इथंच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची ‘आई आणि मूल’ ही दगडी मूर्ती आहे. खटाव तालुक्यात, दुष्काळी माळावर! ती आकारानं मोठी नाही, शोधावी लागते. आमचे हे हस्तिदंतावरचं काम बघत बसतात आणि मी मूरच्या मूर्तीपुढं.

बाहेर आल्यावर लगेच गाडी काढू नका. डोंगरमाथ्यावरच्या मूळपीठावर, म्हणजे यमाईच्या मूळ देवळात, दर्शनाला चढा आणि वरून ते एवढंसं गाव बघा. याच राजानं १९३९ साली आपली सत्ता कमी करून रयतेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना लागू केली. तिच्या आखणीत गांधीजींचा सल्ला होता. बघितलेल्या चित्रांमागचा माणूस इथं कळतो. पाणी आणि डबा साताऱ्याहून न्या. भाकरी, ठेचा, झुणका बांधून देणाऱ्या बायका साताऱ्यात पुष्कळ आहेत.

तिसऱ्या दिवशी बॅगा गाडीत टाकूनच निघा, कारण वाट पुण्याकडेच जाते. महामार्गावरून लिंब फाट्याला वळून बारा मोटेची विहीर गाठा. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट, आणि पोटात एक छोटा महाल. वरून बघितलं की अष्टकोनी मुख्य विहीर आणि तिला जोडलेली दुसरी, असा शिवलिंगासारखा आकार दिसतो. इथं बोलायचा मान ह्यांचा. एकाच वेळी बारा मोटा, म्हणजे बैलांनी ओढायच्या पाण्याच्या कातडी पखाली, चालतील अशी सोय आहे. बैल धावेवरून, म्हणजे त्यांच्या उतरत्या वाटेवरून, खाली जायचे, नाडा (जाड दोर) ताणला की भरलेली मोट वर यायची, सोंदूर (बारीक दोर) तिचं तोंड थारोळ्याकडे, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीकडे, ओढायचं आणि पाणी पाटाला लागायचं. धाव उताराची का, तर बैलाचं स्वतःचं वजन ओढायला मदतीला येतं. काठावर मोटेच्या जागा मोजा, दोराची दिशा बोटानं दाखवा; बारा जोड्या चालू असताना केवढा आवाज असेल याचा अंदाज येतो. मग पायऱ्या उतरून कोरीव काम बघा. आत पोहू नका, नारळ-निर्माल्य टाकू नका. गावानं ती जपली आहे.

तिथून पाचवडमार्गे वाई, आणि वाईच्या आधी जेवायचं ठरवू नका, आधी मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागं कृष्णेवरचा घाट. घाटावरच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत! चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा देशावर आल्या, त्यातली ही एक. नाशिकची नारोशंकराची घंटाही त्याच मोहिमेतली सांगतात. वाड्यात शिरताना राखणदाराला विचारून जा आणि भिंतीवरच्या चित्रांना हात लावू नका, रंग आधीच खूप उडालाय.

वाईत ढोल्या गणपती, घाटावर थोडं बसणं, आणि वाचनाची आवड असेल तर मराठी विश्वकोशाची इमारत बाहेरून तरी बघणं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी या गावात बसून तो कोश घडवत होते. सुट्टीचा शेवटचा दिवस असल्यानं महामार्गावर संध्याकाळी रांगा लागतात. चारच्या सुमारास सुरूरच्या दिशेनं निघालात तर अंधारापूर्वी पुणं जवळ करता येईल, आणि कंदी पेढे साताऱ्यातच घेऊन ठेवलेले असतील तर वाटेत थांबायचंही कारण उरणार नाही.