इफ्रानला बर्फात राहायचं असेल तर

आईला बर्फ बघायचा होता आणि मला पुन्हा मोरोक्को. एकाच तिकिटात दोन्ही जमलं ते इफ्रानमुळे. मधल्या ॲटलास डोंगरातलं हे गाव फ्रेंचांनी 1929 मध्ये वसवलं. इंग्रजांना उन्हाळ्यात महाबळेश्वर लागायचं, तसं त्यांना हे. उतरती लाल कौलं, धुराडी, चौकात दगडी सिंह. बाकी मोरोक्कोतल्या सपाट गच्च्या बघून इथे आलात की पाच मिनिटं काही उमगत नाही. उंची सुमारे 1,665 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम वीस मीटर जास्त. त्यामुळे विरळ हवेचा त्रास होत नाही. माझी आई बहात्तर वर्षांची आहे, ती आरामात हिंडली.

पहिली गोष्ट, जवळच्या फेज शहराहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या सहलीत इफ्रान उरकू नका. एकदा मी तसं केलं होतं. सिंहापाशी फोटो, एक कॉफी, चला गाडीत. गर्दी पांगल्यावर, संध्याकाळी पाचनंतर हे गाव खरं उमजतं. किमान दोन रात्री राहा, त्याही सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी फेज आणि मेकनेसची कुटुंबं बर्फात खेळायला येतात, तेव्हा रस्ते तुंबतात.

मुंबईहून दुबई, दोहा किंवा अबू धाबीला विमान बदलून कासाब्लांका, तिथून रेल्वेने फेज. इफ्रानला रेल्वे नाही. फेजपासून साठ-पासष्ट किलोमीटर बस किंवा ‘ग्रां ताक्सी’ने जायचं. ही टॅक्सी शेअर असते, सहा प्रवासी भरले की निघते. सामान असेल तर सगळ्या सीटचे पैसे देऊन पूर्ण गाडी घ्या, आणि भाडं बसायच्या आधी ठरवा. आमच्या ड्रायव्हरने अर्ध्या वाटेत भाडं वाढवून मागितलं, तेव्हा आई थंडीत कुडकुडत होती म्हणून मी वाद न घालता दिलं. अजून ते मनाला लागतं. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. मोरोक्कोचं चलन, दिरहम, इथून न्यायच्या भानगडीत पडू नका, युरो न्या आणि विमानतळावर बदला.

आता हॉटेल. गावाच्या वरच्या अंगाला मिश्लिफेन रिसॉर्ट आहे. पंचतारांकित, आतून लाकूड आणि दगड, शेकोट्या, काचेतून देवदाराचं रान. खर्चिक आहे, पण युरोपात आल्प्समध्ये जायचा खर्च मांडून बघा आणि मग ठरवा. बुकिंग केल्यावर लगेच ईमेल करा: खोली रानाच्या बाजूची हवी, सोबत वयस्कर माणूस आहे, जेवणात मांस, चिकन, मासे नकोत. हे लिहून द्यायला संकोच करू नका. एवढे पैसे मोजल्यावर मागणं हा आपला हक्क आहे. पोहोचल्यावर पासपोर्ट मागतात, फॉर्म भरून घेतात आणि माणशी थोडा मुक्काम-कर लावतात.

शाकाहारी लोकांनी दोन शब्द पाठ करा: ‘ब्ला ल्हम’ म्हणजे मांसाविना, ‘ब्ला द्जाज’ म्हणजे कोंबडीविना. दोन्ही म्हणा, कारण नुसत्या पहिल्यावर चिकन येऊ शकतं. भाज्यांचा कुसकुस, म्हणजे वाफवलेला जाड रवा, तोही बहुधा मांसाच्या रश्शावर शिजलेला असतो आणि हरीरा सुपातही मांस पडतं. बिनधास्त मागवा ते झालूक, जे आपल्या वांग्याच्या भरताचं सख्खं भावंड आहे, फक्त टोमॅटो आणि जिरं जास्त. वाळलेल्या बाकल्याचं (वालासारखं कडधान्य) दाट सूप, बिसारा, वरून ऑलिव्ह तेल घालून देतात. न्याहारीला म्समेन, म्हणजे चौकोनी घडीची पोळी, आणि जाळीदार बग्रीर. आईने बग्रीरला घावनच म्हणायला सुरुवात केली आणि मधाबरोबर तीन खाल्ली.

हम्माम चुकवू नका. आधी गरम वाफेत बसवतात, मग ऑलिव्हचा काळा मऊ साबण अंगभर लावतात, आणि खरखरीत ‘केसा’ हातमोज्याने घासायला लागतात. दंडावरून मळाच्या करड्या वळ्या निघताना दिसतात. आई ओरडली, “अगं, ही तर वज्रीच!” मग गसूल माती लावली, जी याच देशातल्या डोंगरांतून निघते. आईला नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान आठवलं. तिने घासणाऱ्या बाईचा हात धरून मराठीत “बस बाई, पुण्य लागेल तुला,” म्हटलं आणि ती बाई हसली. ‘श्वैया’ म्हणजे थोडं, हळू. त्वचा नाजूक असेल तर हा शब्द आधीच सांगा. आणि नंतर लगेच बाहेर थंडीत जाऊ नका.

बर्फ साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, पण हमखास नाही. आम्ही जानेवारीत गेलो आणि दुसऱ्या रात्री पडला. गावाबाहेर मिश्लिफेन नावाचाच (हॉटेल नव्हे) बर्फाचा उतार आहे, तिथे लाकडी घसरगाड्या भाड्याने मिळतात, मजा येते. खरं स्कीइंग करायचं असेल तर मराकेशजवळचं ऊकाइमेदन बरं. इथे रात्री पारा शून्याखाली जातो, म्हणून ओल न शिरणारे बूट आणि आतले गरम कपडे घरूनच न्या. हीटरने ओठ फुटतात, खोबरेल तेलाची बाटली उशाशी ठेवा.

एक दुपार अझरूच्या वाटेवरच्या रानासाठी राखा. हे ॲटलासचे देवदार आपल्या हिमालयातल्या देवदारांचेच भाऊबंद. झाडांखाली बिनशेपटीची माकडं बसलेली असतात, बार्बरी मकाक. ती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत आणि पर्यटकांच्या खाऊने आजारी पडतात. विक्रेते शेंगदाणे पुढे करतील, घेऊ नका. लांब उभं राहून बघितलं तर पिल्लाला पोटाशी घेतलेली आई स्वतःहून जवळून जाते. आम्ही अर्धा तास तसेच उभे होतो.

परतीचं विमान इफ्रान सोडल्याच्या दिवशीच ठेवू नका. जोराचा बर्फ पडला की रस्त्यावर अडथळे लावून वाहनं थांबवतात. मध्ये फेजची एक रात्र ठेवा.